शब्दाला शब्द

माझी भाची त्याला पहिल्यांदा भेटली ती कोरड्या कालव्यात, आणि भेटल्या भेटल्या तिने त्याच्या हातातला खडू हिसकावून घेतला.

वर्षातून एकदा कालव्याचं पाणी बंद करतात. मग वरच्या गेटवरची माणसं वरून आणि वीजघरातली खालून, कालव्याच्या पोटातून चालत निघतात. भेगा शोधायच्या, खडूने खुणा करायच्या. त्या दिवशी बेडूकसुद्धा सहकुटुंब फिरायला बाहेर पडतात. (एकाने मला रस्ता विचारला होता. मी सांगितला. पण ते असो.) कालवा जिथे पुलावरून दरी ओलांडतो, तिथे हा चष्मेवाला एका भेगेपाशी उकिडवा बसला होता.

"ती जुनी भेग आहे. पुसा खूण," भाची म्हणाली.

त्याने मानसुद्धा वर केली नाही. "भेग नवी आहे. याच आठवड्यात भरायची. परत म्हणा."

तिच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. हा आवाज!

आता आमचा नियम सांगतो. वीजघर जे फोनवर सांगेल ते गेटवाल्याने, म्हणजे माझ्या भाचीने, शब्दाला शब्द परत म्हणायचं, मगच गेट हलवायचं. एकदा कोणीतरी हे टाळलं, तर मोठ्या साहेबांचं टेबल कालव्यातून पार समुद्रापर्यंत जाऊन आलं. वरच्या कपातला चहा तेवढा गार झाला होता. तर नियम चांगलाच. पण वीजघरातला हा बाबा "बरं, ठेवतो"सुद्धा परत म्हणायला लावायचा! तोंड न पाहिलेल्या या माणसाला कंटाळून तिने डोंगरापलीकडच्या पंपघरात बदली मागितली होती.

"तुम्ही?" ती म्हणाली.

"तुम्ही?" तो उठला. भुवईला चुना लागलेला… डोळे मात्र हसरे. मेल्याचे डोळे इतके चांगले असतील असं तिला वाटलं नव्हतं, आणि त्याचाच तिला जास्त राग आला. म्हणून तो खडू.

भेग नवीच निघाली. ते तिने आजतागायत कबूल केलेलं नाही.

पाणी सुटलं, आणि फोन लांबू लागले.

"पातळी किती?"

"मघाशीच सांगितली."

"हो, पण… आणखी एक बोलायचं होतं."

"बोला."

"म्हणजे… तुमच्याकडे पाऊस आहे का?"

"तुमच्या खिडकीतून माझा डोंगर दिसतो ना? बघा की!"

ती फोन आपटायची आणि माझ्याकडे वळायची. "मामा, हा माणूस नदी अडवून वीज करतो, आणि याच्या तोंडातून एक वाक्य बाहेर पडत नाही!"

"तू बोल मग," मी म्हणायचो.

"मी का बोलू? माझं काय अडलंय?"

अडलं होतं. विसरून गेलेली ती बदली एके सकाळी मंजूर होऊन आली. संध्याकाळी साहेबांची जीप येणार होती. तेव्हा तिने हो तरी म्हणायचं किंवा नाही तरी. नाही म्हणायला कारण हवं, आणि ते कारण खाली वीजघरात पावसाची चौकशी करत बसलं होतं.

तिने स्वतः फोन करून त्याला बातमी दिली.

"मग… नव्या माणसाला गेटचं सगळं नीट समजावून जा," तो म्हणाला.

तिने फोन असा ठेवला की भिंतीवरचं घड्याळ पुढे गेलं. ट्रंक काढली. कपडे कोंबायला लागली. मी चहा पीत बसलो. अशा वेळी म्हाताऱ्याने दुसरं काय करायचं?

तेवढ्यात दिवे गेले. विजेच्या तारांवर झाड पडलं होतं आणि खालची यंत्रं एका दमात थांबली होती. यंत्रं थांबली की वीजघरावरचा हौद भरून ओसंडतो. गेट तडक खाली घ्यावं लागतं. फोन खणखणला.

"गेट पूर्ण खाली घ्या!" तो ओरडला. "आणि… जाऊ नका!"

"गेट पूर्ण खाली घ्या, आणि जाऊ नका," ती सवयीने म्हणाली. मग थबकली. "का जाऊ नका?"

"आधी गेट!"

हाताने फिरवायच्या चाकाला ती अशी भिडली की गेटच घाबरून खाली बसलं. घामाघूम होऊन तिने फोन उचलला. "आता सांगा. का?"

"इथे… सगळे ऐकताहेत हो."

"मग वर या!"

"आत्ता?"

"नाही, पुढच्या वर्षी, कालवा कोरडा झाला की! जीप यायच्या आत पोहोचलात तर पोहोचलात."

पाणी वरून खाली जातं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. त्या संध्याकाळी कालव्याच्या काठाने पहिल्यांदा काहीतरी खालून वर आलं. त्याच्या धावण्याने दोन्ही काठांची झाडं वाकली, असं मी सांगतो. भाची म्हणते, पाय ओढत आला. जीप दारात उभी होती आणि साहेब घड्याळ बघत होते.

तो उंबऱ्यात टेकला. चष्म्यावर पावसाचे थेंब, छाती धपापतेय.

"मला… तुमच्याशी लग्न करायचंय."

आणि मग, माझ्या देखत, त्या गाढवाचे ओठ जुन्या सवयीने पुन्हा उघडू लागले. काय म्हणणार, ते साहेबांनाही कळलं.

तिने म्हणू दिलं नाही.

"मला तुमच्याशी लग्न करायचंय," ती चिडून म्हणाली. शब्दाला शब्द.