दहा लाख नऊ

"पाय उचल. नऊवर उभी आहेस."

मी दचकून मागे सरले. धरणगावात उंदीर मरून पडायला लागले तसं सगळं गाव शेतांत झोपड्या घालून राहत होतं, आणि विहिरीच्या वाटेवर हा तोताराम पऱ्हाटीच्या काडीने मातीत आकडे काढत बसला होता. पुण्याला कॉलेजात शिकणारा. आईला प्लेगने नेलं म्हणून आलेला, डोक्यावर केस अजून नीट उगवले नव्हते.

"वाट काय तुमच्या बापाची आहे?"

"वाट नाही. आकडा माझा आहे." तो हसला... विधवेकडे बघून कोण हसतं? नवव्या वर्षीच माझं कुंकू पुसलं होतं, आणि आमच्यात पाट लावून पुन्हा संसार करायची चाल नव्हती.

माझे वडील, आबा, शाळामास्तर, त्यामुळे आकड्यांना मी भीत नव्हते. रोज घागर भरली की त्याच्या आकड्यांपाशी टेकायची. एकदा त्याने मातीत दहा हजार नऊ लिहिले. म्हणाला, ही मूळ संख्या, कशानेच भाग जात नाही. शंभराचा वर्ग आणि तीनचा वर्ग मिळवले की ही होते.

"मूळ संख्येची अशी जोडी एकदाच जमते. दुसरी कितीही शोध, मिळत नाही."

"म्हणजे माझ्यासारखीच की."

तो खाली वाकला. मग मध्ये दोन शून्यं वाढवली. "दहा लाख नऊ. हजाराचा वर्ग आणि तीनचा वर्ग. हिला दुसरी जोडी शोध."

"आणि मिळाली तर?"

"तर... ती मूळ नव्हतीच. लोक उगाच तसं समजत होते. मिळाली की मला सांग, मग मी आबांना भेटायला येतो."

माझे कान तापले. "कशाला? पाढे म्हणायला?"

"धुरपदा—तुला कळलंय."

कळलं होतं. म्हणून तर त्याच रात्री बसले. चुलीपुढच्या राखेत मी हजारावरून एकेक खाली उतरत गेले, दहा लाख नऊमधून प्रत्येकाचा वर्ग वजा करत. नऊशे बहात्तरला जे उरलं, त्याचं वर्गमूळ बरोबर दोनशे पस्तीस निघालं. मी पुन्हा पुन्हा ताळा केला आणि पळत सुटले.

त्याची झोपडी रिकामी होती. काखेत गाठ आली म्हणून त्याला माळावरच्या तट्ट्यांच्या छपरात नेलं होतं. तिथे पाणी पोचवणारे उखर्डूनाना आडवे आले. "नको जाऊ व माय. भलता रोग शे."

मी तट्ट्याला तोंड लावलं. "नऊशे बहात्तर आणि दोनशे पस्तीस."

आतून धाप ऐकू आली. मग... "ताळा केलास?"

"केला."

"मला पुण्यातच माहीत होतं."

"मग सांगितलं का नाही?"

"तू हो म्हणायला हवं होतंस ना..."

"म्हणतेय की. हो."

"आबांना सांग—येतो."

तो आला नाही. बाईमाणूस म्हणून मला मसणात जाऊ दिलं नाही.

आता कुणी विचारलं, धुरपदाबाई, लग्न झालं होतं का, तर मी म्हणते, दोनदा. पहिल्या नवऱ्याचं तोंडही मला आठवत नाही. लोक म्हणतात, म्हातारी मोजायला चुकते. चुकत नाही मी. ताळा केलाय.