तळेघरचे दोन दिवस

पुण्याच्या दवाखान्यातून बाहेर पडायला कपिल आणि तेजस्विनीला अकरा वाजले. डॉक्टरांनी फाईल मिटून बाजूला सारली होती, आणि बोलताना ते तेजस्विनीकडं न बघता कपिलकडं बघत होते. आता औषधं फक्त दुखणं कमी ठेवायला, घरी न्या, मन मागेल ते खाऊ द्या. एवढंच.

गाडी राजगुरुनगरला पोचली. मग तेजस्विनी म्हणाली, "अहो, आज घरी नको."

"मग कुठं?"

"घरी गेलं की आई रडणार. अख्खी वारूळवाडी उशाशी येऊन बसणार. मला दोन दिवस कुठंतरी हिरवं बघू द्या. मग न्या."

मंचरला चहाला थांबल्यावर तिनं रिपोर्टच्या पाकिटाच्या पाठीवरच बेत लिहून काढला. पहिला दिवस नुसता आराम. दुसऱ्या दिवशी शेताच्या बांधावर बसायचं, जमलं तर रानात थोडं चालायचं. कित्येक महिन्यांत ती अशी भराभर बोलली नव्हती. कपिलनं आपल्या कचेरीतल्या रामदासला फोन लावला. रामदास तळेघरच्या एका सरूबाईंबद्दल नेहमी सांगायचा. त्यांच्या घरी पाहुण्यांसाठी दोन खोल्या होत्या. नंबर मिळाला.

"कपिल रोकडे बोलतोय, वारूळवाडीहून," त्यानं सुरुवात केली.

"कपिलभाऊ व्हय!" पलीकडून मोकळा आवाज आला. "पुन्यांदा येताय? या की. खोली रिकामीच हाय."

दुसराच कुणी कपिल असेल, असं म्हणून त्यानं ते सोडून दिलं. अठरा वर्षं तो जमीन मोजणीच्या खात्यात होता. एका नावाची चार-चार माणसं आणि त्यापायी होणारे घोटाळे त्याच्या रोजच्या पाहण्यातले होते.

घोडेगाव मागं पडलं, डिंभ्याच्या धरणाचं पाणी उजवीकडं चमकून गेलं आणि घाट चढल्यावर हवा गार झाली. भाताची कापणी चालू होती. खाचरांत पेंढ्या आडव्या पडल्या होत्या आणि ओल्या गवताचा गोडसर वास गाडीत भरला. तेजस्विनीनं काच पूर्ण खाली केली.

सरूबाईंचं घर रस्त्यापासून खाली, उतारावर होतं. गाडी थांबताच एक पिवळं कुत्रं धावत आलं, आणि न भुंकता कपिलच्या पायाशी लोळू लागलं.

"वळखलं बघा तुमाला," सरूबाई हसत पुढं आल्या. पन्नाशीच्या, काटक बाई. मग तेजस्विनी गाडीतून उतरली आणि सरूबाईंचं हसू जागच्या जागी थांबलं. क्षणभरच. "या ताई," म्हणत त्यांनी तिच्या हातातली पिशवी घेतली.

चहा आला. तेजस्विनीचा गोड, कपिलचा बिनसाखरेचा. त्यानं कुणालाच काही सांगितलं नव्हतं.

दुपारी नाचणीची भाकरी आणि ठेचा खाऊन तेजस्विनी झोपली. इतकी शांत झोप तिला दवाखान्यात कधी लागली नव्हती. कपिल पडवीत येऊन बसला. सरूबाई सूप घेऊन तांदूळ पाखडत होत्या.

"एक इचारू का भाऊ?" त्या हळूच म्हणाल्या. "राग न्हाई ना येनार?"

"विचारा की."

"दुसरी केली ते बरं केलंत. एकट्यानं जल्म जात न्हाई. पर ही तिची भन का? तोंडावळा लई मिळतो."

"कुणाची बहीण?"

"तुमच्या मंडळींची. गेल्या साली फोटू दावला व्हता न्हवं का मला. हितंच बसून. लई रडला व्हता तुमी."

कपिल हसायला गेला, पण हसू आलं नाही. "मी इथं कधीच आलेलो नाही, बाई. तुमची काहीतरी चूक होतेय."

सरूबाईंनी सूप खाली ठेवलं. त्या आत गेल्या आणि पाहुण्यांच्या नावांची वही घेऊन आल्या. पानं उलटून त्यांनी एका ओळीवर बोट ठेवलं.

कपिल हनुमंत रोकडे, वारूळवाडी. एकटा.

तारीख मागच्या नोव्हेंबरची, सोळा आणि सतरा. त्या दोन दिवशी तो ओतूरला होता. दोन भावांच्या बांधाची मोजणी होती, दुसऱ्या दिवशी पाय मुरगळला होता आणि तेजस्विनीनं हळद गरम करून लावली होती. तेव्हा ती ठणठणीत होती. हे त्याला लख्ख आठवत होतं.

पण अक्षर त्याचं होतं. रोकडेतला 'र' तो वरून सुरू न करता खालून काढायचा. शाळेतल्या गुरुजींनी त्यासाठी छड्या मारल्या होत्या, तरी सवय गेली नव्हती.

"तो माणूस काय म्हणाला होता?" त्यानं विचारलं.

'तो माणूस' कोण, हे सरूबाईंना कळेना.

"मंडळी हितनं गेल्यावर वारल्या, असं म्हनाला व्हता तुमी," शेवटी त्या म्हणाल्या. "मी म्हनलं, हितं तर तुमी पयल्यांदाच आलाय. तर नुसतं मान हलवीत बसला."

सकाळी उजाडताच कपिलनं सामान गाडीत टाकलं. तेजस्विनी अंगणात शाल पांघरून बसली होती. समोरच्या खाचरातून धुकं उठत होतं.

"कचेरीतून फोन आलाय," तो म्हणाला. "निघावं लागेल."

"आज? अहो, आजचा दिवस राहू ना. बांधावर जायचंय मला."

"पुन्हा येऊ."

"कधी?" तिनं विचारलं.

तो गाडीचं दार उघडून उभा राहिला. इथून तिला लवकर हलवलं तर काहीतरी टळेल, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. सरूबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी 'या' म्हटलं नाही.

घाट उतरेपर्यंत तेजस्विनी मागं वळून बघत होती. मग तिनं काच वर केली.

काही टळलं नाही.

एकोणीस दिवसांनी ती गेली. शेवटच्या दिवसांत तिनं तळेघरचं नावही काढलं नाही, आणि त्याचीच कपिलला सर्वांत जास्त टोचणी लागली. तिनं दोनच दिवस मागितले होते. त्यातला एक त्यानं हिरावून घेतला होता, आणि कशाला घाबरून, ते कुणाला सांगण्यासारखंही नव्हतं.

त्यानं ठरवलं, मेलो तरी तळेघरची वाट धरायची नाही. वर्ष गेलं. नोव्हेंबर आला तेव्हा तो सोळा आणि सतरा तारखेला रजा टाकून घरातच बसला. त्याची आई फुलाबाई दोन्ही दिवस त्याच्या समोरून हलली नाही.

अठरा तारखेला सकाळी नऊ वाजता फोन वाजला.

"कपिलभाऊ, सरूबाई बोलतीया. ताईंची शाल राह्यली बघा हितं."

त्यानं फोन स्पीकरवर टाकला.

"या खेपेला दोन दीस पुरे राह्यलात, लई बरं वाटलं. ताई काल दिसभर बांधावर बसल्या व्हत्या. कसल्या हसत व्हत्या! तब्येत बी सुधारलीया."

"सरूबाई," तो कसाबसा म्हणाला, "तिला... तिला फोन द्या."

"त्या फुडं गेल्या की चालत. तुमी बी आत्ताच निघालात त्यांच्या मागं, लांब न्हाई गेला. थांबा, हाक मारते."

फोन बाजूला गेला. वारा ऐकू आला, कुत्र्याचं आनंदानं केकाटणं ऐकू आलं. "ओ कपिलभाऊ!" सरूबाईंनी हाक दिली.

लांबून, उतारावरून, एका माणसानं 'ओ' दिली. समोर बसलेल्या फुलाबाईंनी फोनमधला तो आवाज ऐकला, आणि आपल्या मुलाच्या मिटलेल्या ओठांकडं बघितलं.