डावीकडे वळलं की…

तो आला तेव्हा पाऊस चांगलाच लागला होता. मोटारसायकल ढकलत ढकलत त्याने आमच्या शटरखाली आणली, स्टँडला लावली आणि चष्मा काढून ओल्या शर्टालाच पुसला. त्यामुळे तो आणखी धूसर झाला.

आमचं दुकान गाड्यांच्या वायरिंगचं. मी आणि माझी लेक, दोघंच. काम ती करते. माझी नजर आता बारीक तारेवर ठरत नाही, म्हणून मी सामान काढून देतो आणि सल्ले देतो. सल्ले कोणी मागत नाही.

"ता—" तो म्हणाला आणि थांबला.

आमच्या दुकानात सगळे लेकीला ताईच म्हणतात. माझ्या वयाचे ट्रकवालेसुद्धा. याने तिच्याकडे पाहिलं. तिच्या गालाला काळ्या टेपचा तुकडा चिकटलेला होता आणि तिला ते माहीत नव्हतं. त्याने पुढचं अक्षर गिळलं.

"ता… तातडीचं आहे जरा. फ्यूज उडतोय. सकाळपासून तिसरा."

"कधी उडतो?"

"डावीकडे वळलं की."

लेकीने मान वर केली. गिऱ्हाईक सहसा एवढंच म्हणतं की चालत नाही, बघा.

"हे कसं कळलं तुम्हाला?"

"पहिला घराच्या कोपऱ्यावर गेला, दुसरा पेट्रोलपंपाशी. दोन्ही वेळा डावीकडेच. मग ठरवलं, डावीकडे वळायचंच नाही. तीनदा उजवीकडे वळलं की एकदा डावीकडे वळल्यासारखं होतं."

"मग?"

"मग तुमची गल्ली आली. तिला उजवीकडून रस्ताच नाही."

ती हसली. गालातल्या गालात नाही. चांगली मोठ्याने, हातातला पाना खाली ठेवून.

तिची आई जाऊन तेव्हा चौदा महिने झाले होते. या चौदा महिन्यांत लेक कुणाशी वाईट वागली नाही, कामात चुकली नाही. पण मैत्रिणींकडे जाणं तिने बंद केलं. सहा वाजले की शटर ओढायची आणि माझ्याबरोबर घरी. "बाबांना एकटं कसं सोडू?" असं कुणाला तरी फोनवर सांगताना मी ऐकलं होतं. आणि हसणं… ते मी विसरूनच गेलो होतो. तिचं हसणं तिच्या आईसारखं आहे, शेवटी जरा घसरतं. हातातली स्क्रूची डबी मी तशीच धरून उभा राहिलो.

तिने सीट काढली आणि आतला गुंता बघून म्हणाली, "हे कोणी केलं?"

"मी. रंगीत दिव्यांची पट्टी आणली होती. सोबतचा कागद वाचून जोडली."

"आणि ही चिकटपट्टी?"

"ती फाटक्या पुस्तकांना लावतो आम्ही. ग्रंथालयात असतो मी. ग्रंथपाल."

"तरीच! पुस्तक वाचून पोहायला उतरलात."

"बुडालो नाही पण."

"तीन फ्यूज बुडाले."

दिवे कशाला हवेत, ते त्याने मग सांगितलं. तो संध्याकाळी म्हाताऱ्या वाचकांना घरी पुस्तकं पोहोचवायचा. त्यात पाचव्या मजल्यावरच्या एक आजी होत्या. खाली मोटारसायकलचा आवाज आला की पुस्तक आलं समजून त्या जिना उतरायच्या. मग ती गाडी भलत्याचीच निघायची. "हिरवा उजेड दिसला तरच उतरा, असं सांगितलंय मी त्यांना. आता उजेड पडला पाहिजे."

 हातातलं दुसरं काम लेकीने बाजूला ठेवलं, हे मी पाहिलं.

फ्यूजच्या जागी तिने एक साधा बल्ब जोडला. अशा वेळी फ्यूजवर फ्यूज जाळत बसायचं नसतं. तार कुठे सांगाड्याला टेकली तर बल्ब मोठा पेटतो. तिने हँडल सरळ ठेवलं. बल्ब मंद. उजवीकडे वळवलं. मंदच. डावीकडे — भक्क!

"धरा," तिने त्याच्या हातात टॉर्च दिला. हेडलाइटच्या तारेलाच त्याने आपली पट्टी जोडली होती आणि ती तार हँडलच्या मानेत चिमटून सोलली होती.

"उजेड तारेवर धरा."

"धरलाय."

"तार इकडे आहे."

टॉर्चचा उजेड तिच्या गालावरच्या टेपवर होता.

"ते… तुमच्या गालाला…" त्याने स्वतःच्या गालावर बोट ठेवून दाखवलं. तिने टेप ओढून काढली. गाल लाल झाला. टेपमुळेही झाला असेल.

पुढचं काम तिने नीट, सावकाश केलं. दिव्यांसाठी बॅटरीपासून वेगळी तार, तिला वेगळा छोटा फ्यूज, आणि मध्ये एक रिले, म्हणजे चावी बंद केली की दिवेही बंद आणि बॅटरी उतरायला नको. काळी तार सांगाड्याला जोडतात, तिला आम्ही अर्थ म्हणतो. तो स्क्रू त्याने रंगावरच आवळला होता. तिने रंग खरवडून खालचं लोखंड उघडं केलं. "रंगातून करंट जात नाही, साहेब."

"कागदावर हे लिहिलं नव्हतं."

"सगळं कागदावर नसतं."

दुपार होती, उजेडात दिवे नीट कळेनात, म्हणून मी शटर खाली ओढलं. तिने बटण दाबलं. टाकीखालून, सीटखालून हिरवा उजेड फरशीवर पसरला. पत्र्यावर पाऊस वाजत होता. दोघं गाडीच्या दोन बाजूंना उकिडवे बसले होते आणि दोघांपैकी कोणीही दिव्यांकडे बघत नव्हतं.

मी खोकलो आणि शटर वर केलं.

चार दिवसांनी तो आभार मानायला आला. लेकीसाठी जुन्या मोटारसायकलींवरचं एक जाडजूड पुस्तक आणलं होतं. "पंधरा दिवसांत परत करायचं," म्हणाला. दोघं दाराशी बोलत उभे राहिले. ती पुन्हा हसली, दोनदा. आणि मला हिशेब दिसला: गाडी ठीक आहे, पुस्तक पंधरा दिवसांचं आहे, आणि त्यानंतर या माणसाला आमच्या गल्लीत यायचं काही कारणच नाही.

तिची आई असती तर तिने सरळ विचारलं असतं, "काय रे, आवडते का तुला?" मला तसं विचारता येत नाही. मला तारा कळतात. मी गाडीपाशी गेलो आणि अर्थचा स्क्रू दोन फेरे सैल केला.

दुसऱ्या दिवशी तो हजर. "गतिरोधक आला की दिवे लुकलुकतात. आजींना वाटलं मी खुणा करतोय."

लेकीने स्क्रू आवळला. तेवढं काम दोन मिनिटांचं. तो सव्वा तास होता. जाताना त्याने विचारलं, "तुम्हाला सगळे ताई म्हणतात. मी काय म्हणू?"

"काय म्हणायचंय?"

"ताई सोडून काहीही…"

मला तिथेच थांबता आलं असतं. पण माणसाला चटक लागते. पुढच्या खेपेला तो पुस्तकाची मुदत वाढवून द्यायला आला, तेव्हा मी पक्कडीने दिव्याच्या तारेला एक चिमटा काढला. हेडलाइट, ब्रेक, कशाला हात लावला नाही. फक्त सजावटीची तार. बरेचसे पदर तुटले, दोन-तीन ठेवले. धक्क्यांनी तेही दोन दिवसांत गेले.

तो आला. लेकीने सीट काढली, तार बाहेर ओढली आणि बघतच राहिली.

"घासलेली तार काळी पडते," ती म्हणाली. "पदर विस्कटतात. ही चकाकतेय. ही कापलीय, पक्कडीने."

मी सुट्या भागांच्या खणाकडे वळलो.

"आणि तो स्क्रू. मी आवळलेला स्क्रू सैल होत नाही. तेव्हाच मला शंका आली होती." ती त्याच्याकडे वळली. "गाडी तुमच्याकडे असते. यायचंच होतं तर नुसतं यायचं! खोटं कशाला?"

त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं. मग खाली. "चुकलं…" म्हणाला.

"दुसरीकडे न्या गाडी."

मी बोलायला हवं होतं. एक वाक्य पुरलं असतं. मी सुटे भाग नीट लावत बसलो. तो गाडी घेऊन गेला आणि लेकीने ते पुस्तक शोधून काढलं आणि कागदात बांधून ठेवलं.

चार दिवस दुकानात पानापक्कडीशिवाय आवाज नाही. पाचव्या दिवशी, दुपारी डबा खाताना, तिने घास खाली ठेवला आणि म्हणाली, "बरंच झालं. नाहीतरी मी कुठे जाणार होते?"

हे मात्र मला ऐकवलं नाही.

"तार मी कापली," मी म्हणालो.

"काय?"

"स्क्रूही मीच."

ती उठून उभी राहिली. "बाबा! दुकानात आलेली गाडी तुम्ही बिघडवलीत? तुम्ही? बिघाड करून गिऱ्हाईक धरायचं नाही, हे मला कोणी शिकवलं?"

"मीच."

"मग का?"

"तू हसलीस म्हणून."

तिचा राग कुठे गेला नाही, पण ती खाली बसली. तिने डब्याचं झाकण लावलं, पुन्हा काढलं. मग हळूच म्हणाली, "आणि मी तिकडे रमले, तर तुम्ही?"

"मी घरी एकटा बसेन. कंटाळलो की दुकानात येईन. अगं, तुझी आई गेली त्याचं दुःख मला आहे, ते राहणार. तू शेजारी बसून ते अर्धं होत नाही. उलट तू हसत नाहीस, हे आणखी एक झालंय."

तिने डोळे पुसले, टेपचं रीळ खिशात टाकलं, हत्यारांची पिशवी घेतली. "चला. माफी मागायची आहे. तुम्ही मागायची."

ग्रंथालय म्हणजे उंच छताची एक खोली, चार लांब टेबलं, भिंतीवर 'शांतता राखा'. तो पुस्तकांवर शिक्के मारत होता. आम्हाला पाहून पुढचा शिक्का त्याने स्वतःच्या मनगटावर मारला.

"बाबांना काही सांगायचंय," लेक म्हणाली. आवाज दुकानातला. सगळ्या माना वर झाल्या. त्याने ओठांवर बोट ठेवलं.

"तार मी कापली होती," मी कुजबुजलो.

"माहीत आहे, काका."

"माहीत आहे?" लेक.

"गाडीच्या आरशात दिसलं. काका पक्कड खिशात घालत होते."

"मग त्या दिवशी गप्प का बसलात?"

"तुमच्यासमोर तुमच्या बाबांचं नाव कसं घेणार? आणि…" तो शिक्क्याची डबी उघडत होता, मिटत होता. "मला वाटलं, बाबा स्वतः तार कापतायत… म्हणजे घरातल्या एका माणसाचा होकार आला."

शेजारच्या टेबलावरच्या आजोबांनी पेपर खाली केला.

"एका माणसाचा," लेक म्हणाली.

"हो. दुसऱ्याचा विचारायचा होता. दर वेळी ठरवून यायचो… आणि दर वेळी तुम्ही गाडीच दुरुस्त करायला घ्यायचात."

"मग विचारा."

"इथे?"

"इथेच. हळू."

तो टेबलावरून पुढे वाकला आणि काहीतरी बोलला. मी दोन हातांवर होतो, मला ऐकू आलं नाही. फक्त तिचा कान लाल होताना दिसला. उत्तर मात्र सगळ्यांनी ऐकलं, कारण माझ्या लेकीला कुजबुजता येत नाही.

"हो."

"श्शू!" आजोबा म्हणाले. पण पेपर काही त्यांनी वर केला नाही.

"गाडीची चावी द्या," ती त्याला म्हणाली. "तार जोडायची राहिलीय."

"मला सुटायला अजून एक तास आहे."

"थांबते मी." मग ती माझ्याकडे वळली. "बाबा, तुम्ही व्हा पुढे. मला उशीर होईल."

चौदा महिन्यांत हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकत होतो. दारापर्यंत गेलो आणि परत आलो.

"जेवायला किती जणांचं टाकू?"

तिने त्याच्याकडे पाहिलं. त्याने चष्मा सारखा केला आणि माझ्याकडे पाहिलं.

"तिखट जरा कमी खातो मी, काका…"

घरी येऊन तिघांचे तांदूळ धुवायला घेतले. माप आठवावं लागलं नाही.