बाईंच्या पेनातली शाई

रविवारी सकाळी आम्ही चौघं पेनवाल्याच्या दुकानात जमायचो. दुकान म्हणजे जिन्याखालची खोली. पुढे काचेचा काउंटर, मागे एक बाक, खिडकीपाशी पेनवाल्याचं टेबल. टेबलावर चिमटे, भिंग, पाण्याचा वाडगा आणि एक फडकं. फडक्यावर इतके डाग की मूळ कापड कुठल्या रंगाचं होतं ते त्यालाही आठवत नसे.

वाद ठरलेला. रोजच्या वापराला कोणतं पेन आणि कोणती शाई?

पेनवाला साध्या निळ्या शाईचा. "धुतली की जाते, पेन तुंबत नाही. रोजच्या पेनाला रोजची शाई. नखरे हवेत कशाला?"

कंपाउंडर हिरव्या शाईचा. जन्मभर औषधाच्या पुड्यांवर त्याने हिरव्यानेच लिहिलं होतं, त्यामुळे त्याची दोन बोटं कायमची हिरवी. त्याचं निब जाड, शाई भसाभसा सोडणारं. "तुझ्या पेनाला सर्दी झालीय," असं पेनवाला म्हणायचा. "होऊ दे," कंपाउंडर म्हणायचा, "औषध माझ्याकडेच आहे."

बाईंना बारीक निब लागायचं आणि निळी-काळी शाई. कागदावर उतरताना ती निळी दिसते, वाळली की काळी होते. "तेवढा धीर धरावा माणसानं," बाई म्हणायच्या. पेन तांबूस, जुन्या पद्धतीचं. पोटात रबरी नळी असते, ती दाबून सोडली की शाई ओढून घेते, तसलं.

मी काळ्या शाईचा. रस्त्याच्या कामावर मी रोलर चालवला. डांबरात आयुष्य गेलं, दुसरा रंग माझ्या हाताला शोभला नसता.

मला अक्षरओळख बाईंनी करून दिली, पन्नाशी उलटल्यावर. वाचनालयाच्या माडीवर त्या आमच्यासारख्या मोठ्या माणसांचा वर्ग घ्यायच्या. पहिल्या दिवशी मी पेन असं दाबलं की निबाचे दोन पाय दोन दिशांना गेले. बाईंनी निब सरळ करून पेन परत हातात दिलं. "रोलरवाले, कागद सपाटच असतो. त्याला आणखी सपाट करायचं नाही." तेव्हापासून माझं नाव रोलरवाले. ज्या दिवशी मला माझं नाव लिहिता आलं, त्या दिवशी घरी येऊन मी ते बायकोला दाखवलं. तिने कागद उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाली, "एवढ्याशा जागेत मावलात होय?"

तीही शिकली असती. मी कितीदा म्हटलं. तिचं उत्तर एकच. "माझा अंगठा काय वाईट आहे? विसरायची भीती नाही, चोरीला जायची भीती नाही."

आमच्या चौघांत एक रीत होती. कुणी गेलं, तर त्याच्या पेनात उरलेली शाई मोरीत ओतायची नाही. ती लिहून संपवायची, मग पेन धुवायचं आणि घरच्यांना द्यायचं. शाई संपेपर्यंत पेन उघडायचं नाही, भरायचं नाही. पेनवाल्याने वडिलांच्या पेनाचं तसं केलं होतं आणि ऐकून आम्हालाही ते पटलं होतं. शेवटचा घोट वाया घालवू नये, एवढाच त्यातला अर्थ.

बाई झोपेतच गेल्या. पुढच्या रविवारी पेनवाल्याने त्यांचं पेन माझ्या हातात ठेवलं. "त्यांचे विद्यार्थी तुम्ही. तुम्ही संपवा. त्यांची भाची येऊन घेऊन जाईल."

मी रोज सकाळी चहाआधी खिडकीशी बसून लिहू लागलो. काय लिहायचं हा प्रश्न नव्हता. बाईंनी घालून दिलेले धडे, मी बांधलेल्या रस्त्यांची नावं, समोरच्या इमारतीवरचा रंग कसा पोपडे धरतोय ते. बाईंच्या निबाने माझं अक्षर बारीक यायचं. पहिल्या आठवड्यात वाटलं, आज संपेल, उद्या संपेल. मी मुद्दाम मोठी अक्षरं काढली. कागदाच्या दोन्ही बाजू भरल्या. शाई येतच राहिली.

"रबरी नळीत केवढीशी शाई मावते?" मी पेनवाल्याला विचारलं.

"बारीक निब आहे. पुरवून पुरवून खातं," तो म्हणाला. पण विचारात पडला.

एका सकाळी ओळ हिरवट आली. मी चष्मा पुसला, कागद खिडकीबाहेर धरून पाहिला. पुढच्या ओळीत हिरवा आणखी चढला आणि त्यापुढची ओळ कंपाउंडरनेच लिहिल्यासारखी झाली.

रविवारी कागद पेनवाल्याला दाखवला. त्याने भिंग लावलं. "पूर्वी कधी बाईंनी हिरवी भरली असेल. जिभेत अडकलेली आता सुटतेय. होतं असं." निबाखाली शाई आणणारा खाचांचा तुकडा असतो, त्याला तो जीभ म्हणायचा.

"बाई आणि हिरवी?" कंपाउंडर हसला. "मी मरेपर्यंत विनवण्या केल्या असत्या तरी भरली नसती त्यांनी." मग त्याने खिशातून स्वतःचं पेन काढून ओळ ओढली. नुसता ओरखडा उठला. "सकाळीच तर भरलं." त्याने पेन झटकलं. काही उडालं नाही.

मी त्याच्या हाताकडे पाहत होतो. त्याची ती दोन बोटं स्वच्छ होती. बाकीच्या बोटांसारखीच, गव्हाळ.

"साबण बदललास का?" मी विचारलं.

त्याने बोटं डोळ्यांसमोर धरली. "नाही बुवा," तो म्हणाला आणि हात खिशात घातला.

तीन दिवसांनी त्याला स्मशानात पोचवून आम्ही दोघं पायी परत आलो.  दुकानाशी आल्यावर पेनवाला म्हणाला, "घेऊन या ते पेन."

घरी जाऊन आणलं. आमची रीत मोडायची ही पहिलीच वेळ. पेनवाल्याने पेन गरम पाण्याच्या वाफेवर धरलं, फिरवून फिरवून उघडलं आणि फडक्यावर झटकलं. आतून काळा, कोरडा चुरा पडला. रबर कधीच वाळून तुटलं होतं. पेनाच्या पोटात चिमट्याने कापसाचा बोळा फिरवून त्याने तो बाहेर काढला. बोळ्याला डाग नव्हता, ओल नव्हती.

"यात शाई राहूच शकत नाही," तो म्हणाला.

त्याने पेन तसंच, रिकामंच, परत जोडलं आणि जवळच्या कागदाच्या कडेला एक रेघ मारली. रेघ ओली, निळी. आमच्या डोळ्यांदेखत ती काळी होत गेली.

पेनवाल्याने टोपण लावलं. "न्या," तो म्हणाला. "आणि लिहू नका आता."

मी पेन पत्र्याच्या पेटीत, कपड्यांच्या तळाशी ठेवलं. आठवडाभर पेटीला हात लावला नाही. शनिवारी मात्र राहवलं नाही. लिहायचं नाही, फक्त पाहायचं, असं ठरवून कागदाच्या कोपऱ्यावर टोक टेकवलं. साधा निळा ठिपका उमटला. वाट पाहिली, तो काळा झाला नाही. कागद नळाखाली धरला तेव्हा ठिपका वाहून गेला आणि कागद पांढरा राहिला. बाईंची शाई पाण्याने जात नसे.

मी तसाच चप्पल घालून निघालो. दुकान उघडं होतं. पेनवाला टेबलाशी बसून एका गिऱ्हाइकाचं निब घासत होता. मला पाहून भिंग खाली ठेवलं.

"काय हो, एवढ्या घाईत?"

मी त्याची नखं पाहिली. नखांच्या कडांना जन्मभर निळी किनार असायची. बायकोशी भांडण झालं की ती त्यावरूनच सुरुवात करते, असं तो सांगायचा. आता नखं नुसती गुलाबी होती, लहान मुलाच्या नखांसारखी.

"बरं आहे ना तुम्हाला?" मी विचारलं.

"ठणठणीत." मग त्याची नजर माझ्या नजरेमागून स्वतःच्या हातांवर गेली.  "कोणता रंग आला?" त्याने विचारलं.

मी टेबलावरच्या निळ्या दौतीकडे पाहिलं. त्याने मान हलवली, भिंग उचललं आणि निब घासायला घेतलं. "गिऱ्हाईक संध्याकाळी येणार आहे," तो म्हणाला. "हे तेवढं करून टाकतो."

संध्याकाळी त्याने ते पेन गिऱ्हाइकाला दिलं म्हणतात. सोमवारी दुकान उघडलं नाही.

आता उरलो मी. आणि काळी शाई.

मला मरणाची फार भीती वाटली असं नाही. रस्त्याच्या कामावर त्याच्याशी तोंडओळख झालेलीच असते. मला काळजी होती ती बायकोची. घराचे कागद, बँक, औषधांच्या चिठ्ठ्या, दारावर लावलेल्या नोटिसा, सगळं मीच वाचायचो. मी गेलो तर ती या सगळ्यापुढे आंधळी. कुणीही काहीही वाचून दाखवेल आणि ती अंगठा पुढे करेल.

मी तिला रंगांचं काही सांगितलं नाही. म्हटलं, "खातं दोघांच्या नावावर करून घेऊ. घर आहेच."

"का? पळून जायचा विचार आहे का कुठे?"

"वय झालं."

"तुमचं झालं असेल," ती म्हणाली. पण चांगलं पातळ नेसून आली.

बँकेतल्या मुलीने जांभळ्या शाईचं पॅड पुढे सरकवलं. बायकोने अंगठा त्यावर असा दाबला, की मुलगी म्हणाली, "आजी, हळू." "सवय आहे गं मला," ती म्हणाली. "यांनी सहीला जेवढी वर्षं लावली तेवढ्यात मी शंभर अंगठे केलेत." प्रत्येक पानावर तिचा अंगठा, शेजारी माझी काळी सही. माझं पेन व्यवस्थित चाललं. म्हणजे अजून वेळ आहे, मी मनात म्हटलं. अजून थोडा वेळ आहे.

घरी आल्यावर तिने अंगठा साबणाने घासला, मग राखेने, मग लिंबाच्या फोडीने. डाग गेला नाही. "राहू दे," मी म्हटलं. "आठवडाभर दिसेल आता."

"दागिना आहे माझा," ती म्हणाली.

त्या रात्री कित्येक दिवसांनी मला शांत झोप लागली. कागद झाले होते. आता काळी आली तरी चालणार होतं.

सकाळी उठून मी पेटी उघडली, बाईंचं पेन घेतलं आणि खिडकीशी बसलो. स्वयंपाकघरात तिने चहाचं आधण ठेवल्याचा आवाज येत होता. मी टोपण काढलं.  काळ्या रेघेची मी जवळजवळ वाटच पाहत होतो.

माझं नाव लिहिलं.

काळं नव्हतं.

दुसऱ्यांदा लिहिलं. तिसऱ्यांदा. पॅडवरचा असतो तसला, दाट जांभळा.

ती चहा घेऊन आली. कप खिडकीत ठेवला आणि माझ्या खांद्यावरून वाकून पाहू लागली.

"अगंबाई, हा रंग कुठून आणलात? तुमच्या त्या डांबरापेक्षा किती छान आहे."

 पेनाला टोपण लावायला गेलो, तर टोपण हातून निसटून जमिनीवर गेलं.

"या रंगाने शिकवणार असाल, तर शिकेन मी," ती म्हणाली आणि माझ्या शेजारी बसली. "द्या इकडे. माझं नाव कसं काढायचं ते दाखवा."

माझ्या बोटांतून तिने पेन अलगद काढून घेतलं. कसं धरायचं ते तिला माहीत नव्हतं. तिने ते मुठीत धरलं, अंगठा वर ठेवून.

अंगठा स्वच्छ होता.