काचबाईंचं बोलणं

त्या दोघांची पहिली भेट भांडणाने झाली, आणि त्या भांडणातला एक शब्दही दोघांपैकी कुणाला ऐकू आला नाही. आम्हाला मात्र सगळं कळलं.

आमचा हॉल विणकामाचा. एकदा माग सुरू झाले की शेजारचा माणूस कानात ओरडला तरी काही पोचत नाही. त्यामुळे आम्ही कधीच ओरडत नाही. ओठ नीट हलवायचे, समोरच्याने ते वाचायचे. नवी आलेली पोरगी वर्षभरात शिकते. माझी तर उभी हयात यात गेली आहे. हॉलच्या त्या टोकाला कुणी सुनेचं गाऱ्हाणं सांगत असेल तर मी इथून हुंकार भरते.

तर त्या दिवशी नव्या मागांच्या पेट्या आल्या होत्या. त्यांच्याबरोबर मशीनच्या कंपनीचा फिटर आला. उंच, बाह्या दुमडलेल्या, हातात हा भला मोठा पाना. तो जिन्याजवळची वाट अडवून पेटी उघडत होता आणि वरून बाई उतरल्या.

"कोण तुम्ही? कुणाला विचारून आत आलात?" बाई ओरडल्या.

"अं?" फिटर म्हणाला.

"माकडासारखे हसताय काय? वाट सोडा."

त्याने कानाला हात लावून मान हलवली. मग अगदी आदराने, एखादी तांत्रिक अडचण सांगावी तसा चेहरा करून म्हणाला, "काही ऐकू येत नाही बाई. पण डोळे छान आहेत तुमचे. रागात तर... फारच."

बाईंनी गंभीरपणे मान डोलावली आणि निघून गेल्या. हॉलभर लोक मागांवर वाकून खुदुखुदु हसत होते.

या बाई म्हणजे आमच्या नव्या हॉलप्रमुख. आधी नक्षीच्या विभागात होत्या, कागदावर फुलं-पानं काढायच्या. जुने प्रमुख निवृत्त झाले तेव्हा मालकांनी हिला आणून बसवलं, पण अटीवर. महिनाअखेर नवे माग चालू झाले पाहिजेत आणि हॉलने ते आपणहून चालवले पाहिजेत, नाहीतर बाहेरून कडक माणूस आणणार. तिची बसायची जागा हॉलच्या वर, काचेच्या खोलीत. म्हणून आम्ही तिला काचबाई म्हणायचो. वयाने माझ्या लेकीएवढी. तोंडावर अहो-जाहो केलं तरी मनातल्या मनात ती मला 'ती'च होती.

आता खरी गोष्ट सांगते. काचेतून आवाज बाहेर येत नाही, हे तिला माहीत होतं. ओठ बाहेर येतात, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

आमच्या तोंडालाही कुलूप. जुन्या प्रमुखांच्या वेळेपासून हे गुपित होतं. वरचे लोक काय ठरवतात ते आम्हाला आधी कळायचं, ते कोण हातचं जाऊ देईल? पण काचबाईचं निराळंच निघालं. ती वर एकटी बसून पाठांतर करायची. काचेत स्वतःकडे बघत म्हणायची, "आवाज ठाम ठेवायचा. डोळ्यांत डोळे घालून बोलायचं. प्रत्येकाला आपलंसं करायचं." चांगला पुढारी कसं व्हावं याची दोन जाडजूड पुस्तकं तिने आणली होती. दुपारच्या सुट्टीत ती आमच्यासमोर उभी राहून भाषण करायची तेव्हा आम्हाला पुढचं वाक्य ठाऊक असायचं. एका टवाळाने तर "आपण सगळे एका कुटुंबाचे..." हे तिच्या आधीच ओठांवर आणलं. तिला वाटलं, जांभई देतोय.

संध्याकाळी ती ताईला फोन करायची.

"ताई, हे लोक माझ्याकडे टक लावून बघत राहतात गं. बोलत काहीच नाहीत. नवे माग नको म्हणत नाहीत, हो म्हणत नाहीत. शिकायला बोलावलं की कुणाचं पोट दुखतं, कुणाचं डोकं. माझं कुठेतरी चुकतंय... पण काय ते सांगत नाहीत."

आम्ही टक लावून बघत होतो ते तिचे ओठ वाचायला. आणि तिने असं म्हटलं की मी मान खाली घालायचे. कारण चुकत होतं ते एवढंच. जुने माग समोरासमोर होते. नव्या मागांच्या मांडणीच्या नकाशात सगळे एकाच दिशेला तोंड करून, शाळेतल्या बाकांसारखे. समोर फक्त पुढच्याची पाठ. म्हणजे दिवसभर बोलणं बंद. माझी जोडीदारीण इतकी वर्षं समोर उभी आहे. तिचा नवरा गेला तेव्हा ती कामावर येऊन रडली ती माझ्यासमोर, कारण घरी पोरांपुढे रडता येत नव्हतं. ते तोंड मला दिसणार नाही, या नुसत्या कल्पनेने माझे हात थांबायचे. पण हे बाईंना सांगायचं कसं? सांगितलं की गुपित फुटलं. म्हणून सगळा हॉल मूग गिळून गप्प.

फोनवर दुसरंही एक प्रकरण वाढत होतं.

"फिटर? हं, कामाला बरा आहे. ...हसतो फार. ...नाही गं, तसं काही नाही. ...हो, उंच आहे. ताई, तू ना..."

एवढं बोलून ती काचेपाशी येऊन उभी राहायची. खाली फिटर जमिनीला भोकं पाडत असायचा. त्याने वर पाहिलं की ती घाईघाईने घड्याळ बघायची. दिवसातून इतक्यांदा घड्याळ बघणारी बाई मी दुसरी पाहिली नाही.

फिटर मात्र हुशार. पहिल्या दिवसानंतर त्याला बघून जो तो डोळ्यांना हात लावायचा. त्याला संशय आला. एकदा जेवणाच्या सुट्टीत तो माझ्यासमोर डबा घेऊन बसला आणि म्हणाला, "मावशी, त्या दिवशी मी काय बोललो ते कुणी ऐकलं?"

"ऐकलं नाही," मी म्हटलं.

त्याने घास खाली ठेवला. मग माझ्या खनपटीला बसून त्याने सगळं काढून घेतलं आणि मलाच गुरू केलं. गुपित फोडणार नाही म्हणून मी त्याच्याकडून शपथ घेतली. सुट्टीत रोज शिकवणी चालायची. शब्द त्याला हळूहळू यायला लागले, पण शिकताना त्याची नजर माझ्या ओठांपेक्षा वरच्या काचेकडे जास्त.

महिना संपत आला. एका दुपारी बाहेर पाऊस कोसळत होता. हॉलच्या उंच खिडक्यांवरून पाणी ओघळत होतं आणि आत उजेड मंद झाला होता. वर दिवा लागला, त्यामुळे तिचा चेहरा कधी नव्हता इतका स्पष्ट दिसत होता. कानाला फोन होता.

"ताई, उद्या मालकांना सांगते. मला नाही जमत हे. दुसरा माणूस आणा म्हणते."

डोळे पुसून तिने फोन ठेवला.

मागांपुढचे हात मंदावले. सगळ्यांनी वाचलं होतं. जोडीदारीण माझ्याकडे बघत होती, मी तिच्याकडे. आपण वर जायला हवं, हे आम्हा दोघींनाही कळत होतं. पण कुठल्या तोंडाने जाणार? आणि मग फिटर उठला. फडक्याला हात पुसले, माझ्यापुढे येऊन म्हणाला, "मावशी, शपथ मोडतोय. रागवा हवं तर." आणि जिना चढला.

त्याची पाठ आमच्याकडे होती. आम्हाला दिसले फक्त तिचे ओठ.

"या ना. ...काय? ...कोण वाचतं?"

मग ती खुर्चीतून उठली.

"सगळे? ...पहिल्या दिवसापासून?"

ती वळली आणि काचेतून खाली बघितलं. इतकं मन लावून काम आम्ही जन्मात केलं नव्हतं. मी चोरट्या नजरेने पुन्हा वर पाहिलं.

"आणि तुम्ही? ...तुम्ही काय काय वाचलंत?" तिचे गाल तापलेले इथून दिसत होते. फिटरने काय उत्तर दिलं देव जाणे, पण त्याने मान खाली घातली होती.

मग तिने टेबलावरचा नकाशा उचलला. नकाशाकडे पाहिलं, हॉलकडे पाहिलं, पुन्हा नकाशाकडे. आणि जिना उतरून सरळ माझ्या मागापाशी आली. आता काचेला पडदे लागणार, आणि त्याआधी आपली सगळ्यांची हजेरी घेतली जाणार, असं आम्ही धरूनच चाललो होतो.

ती आवाज न काढता बोलली. पहिलीतल्या मुलाने अक्षर काढावं तसे ओठ मोठे करून, सावकाश.

"माग... समोरासमोर... हवेत?"

"हो," मी म्हटलं.

"मग सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर तुम्ही पडदे लावले असते."

तिला हसू आलं, आणि डोळ्यांत पाणीही. "मला राग आलाय," ती म्हणाली. "माझं घरचं बोलणं तुम्ही चोरून वाचलंत. हा राग काही दिवस राहील. पण पडदे नाही लावणार. मला काही सांगायचं असेल तर मी खाली येईन. तुम्हाला असेल तर तुम्ही सांगायचं. पोट दुखतंय म्हणायचं नाही."

पाठ केलेलं एक अक्षर त्यात नव्हतं. सगळा हॉल वाचत होता, आणि पुढचं वाक्य कुणालाच माहीत नव्हतं.

त्या संध्याकाळी तिने खडू आमच्या हातात दिले. जमिनीवर आम्हीच मागांच्या जागा आखल्या, ती मागोमाग मोजत आली. मालक दुसऱ्या दिवशी तणतणत आले. पाडलेली भोकं बुजवायची, नवी पाडायची, महिना हातचा गेला. ती मालकांना म्हणाली, "हॉल मी चालवायचा असेल तर माग असेच लागतील. हे लोक ते चालवतील, हे मी सांगते." मालकांनी आमच्याकडे पाहिलं. जोडीदारणीने हात वर केला, मग मी, मग सगळ्यांनी. मालक म्हणाले, "बरं. जबाबदारी तुमची," आणि पंधरा दिवस वाढवून दिले.

फिटरचंही काम पंधरा दिवस वाढलं. बाईंनी माग आमच्यासाठी फिरवले की आणखी कुणासाठी, यावर हॉलमध्ये दोन तट पडले. ते दोघं आता आमच्यासारखे लांबून ओठांनी बोलायचे, पण सगळे वाचताहेत हे ठाऊक असल्याने बोलणं नुसतं कोरडं.

"आठव्या मागाचं तेल बघितलंत?"

"बघितलं."

"जेवलात?"

"तुम्ही?"

एवढ्यावर दोघं लाल. आम्ही कपाळाला हात लावायचो. मी एकदा फिटरला म्हटलंसुद्धा, बाबा रे, तेलाच्या पुढे जा. तो म्हणाला, सगळ्या हॉलसमोर ती खाली मान घालेल असं काही मी बोलणार नाही.

शेवटचा माग चालू झाला त्या दिवशी मालक खूश होते. हॉल आता कायमचा तुमचा, असं सगळ्यांसमोर तिला म्हणाले. फिटरने हत्यारं पेटीत भरली. बाहेर कंपनीची गाडी उभी होती. तो दारापर्यंत पोचला आणि ती जिन्यावरून धावत उतरली. मधल्या वाटेत थांबली. त्याने वळून पाहिलं.

तिने ओठ उघडले... आणि तिची नजर आमच्यावर गेली. इकडे पन्नास-साठ तोंडं, सगळी तिच्याकडे वळलेली. ओठ पुन्हा मिटले. आम्हाला इतकं दिलं तिने, आणि तिचं एक वाक्य बोलायला तिला जागा उरली नव्हती.

मी हात वर केला आणि खाली आणला. खाली बघा.

सगळ्या माना खाली गेल्या. टवाळाचीसुद्धा. मी माझ्या कापडाकडे बघत राहिले, नेमका एक धागा तुटला, तो जोडत बसले. मान वर करायचा मोह किती झाला ते माझं मला माहीत. तिने काय सांगितलं, ते आमच्या हॉलमधल्या कुणालाही आजतागायत कळलेलं नाही.

थोड्या वेळाने माझ्या मागापुढे तेलकट बूट येऊन थांबले. मी वर पाहिलं. फिटरचे कान लाल झाले होते.

"मावशी," तो ओठांनी म्हणाला, अगदी शुद्ध, मी शिकवल्यासारखं, "कंपनीला इकडे कायमचा माणूस हवाय. मी राहतो म्हणून कळवतोय. भाड्याने खोली मिळेल का कुठे?"

"एकट्याला पुरेल अशी?"

त्याने मागे वळून तिच्याकडे पाहिलं. ती तिथेच उभी होती, घड्याळ न बघता.

"नाही," तो म्हणाला. "थोडी मोठी बघा."

खोली मी त्याच संध्याकाळी बघून ठेवली.