दोन हाका

"तिसरी हाक येईसर ओ देऊ नको. दिस असो, रात असो. हाक मारणारो माणूस असलो तर तिसऱ्यांदा मारतलोच."

सासूबाईंनी, हौसाबाईंनी, हे मला लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यात चुलीपुढे बसवून सांगितलं. सहा वर्षांनी रुक्मिणी धाकटी सून म्हणून घरात आली, तेव्हा तिलाही त्याच जागी बसवून तेच सांगितलं. मी निमूट मानलं. रुक्मिणीने मात्र त्याचा खेळ करून टाकला. सासूबाई स्वतः कढत टोप हातात धरून दारातून ओरडायच्या, आणि दोन हाका होईपर्यंत ही आत गप्प. तिसरीला हसत बाहेर यायची. "माझोच नियम माझ्यारच चलयता," असं म्हणत सासूबाई चरफडायच्या. पोस्टमन एकदा दोन हाका मारून परत गेला, तर रुक्मिणी म्हणाली, तिसरी मारूक त्याका काय तिकीट लागता?

पुढे सासूबाई गेल्या, आमचे हे गेले, दीर बोटीवर नोकरीला लागले. एका अंगणात दोन घरं आणि मधे तुळस, असं आम्ही दोघी जावा राहत होतो. रुक्मिणीची अनुजा मालवणला शिकायला होती. मागे माडांची राई, पुढे शंभर पावलांवर समुद्र.

भूकंप दुपारी झाला. मी देवळात होते म्हणून वाचले. घंटा आपोआप वाजायला लागली आणि पायाखालची फरशी पाण्यासारखी हलली, इतकंच मला सांगता येतं. बाहेर आले तेव्हा खालच्या वाडीत लाल धुळीपलीकडे काही दिसत नव्हतं. चिऱ्याच्या भिंती आणि वर मंगळुरी कौलं. ती घरं बसली ती तशीच, जागच्या जागी.

जगलेली माणसं वर सड्याच्या माळावर हायस्कूलच्या मैदानात जमली. दुसऱ्या दिवशी सावंतवाडीहून, कणकवलीहून गाड्या आल्या. ताडपत्र्या, तांदूळ, घोंगड्या, औषधं. मी पेजेच्या टोपापाशी उभी राहिले. हाताला काम होतं ते बरं होतं.

त्याच संध्याकाळी ढिगारे शोधणारं पथक आमच्या वाडीत आलं. त्यांची पद्धत अशी होती: यंत्रं बंद करायची, सगळ्यांनी गप्प राहायचं, ओळखीच्या माणसाने हाक मारायची, मिनिटभर कान देऊन ऐकायचं, मग पुन्हा हाक. रुक्मिणीच्या घरापाशी त्यांनी मला पुढे केलं. खरं तर ती घरात नसणारच होती. काजूची पिशवी मुंबईला धाडायला ती त्या दिवशी नांदगाव स्टेशनला जायची होती. ते मी पथकप्रमुखाला सांगितलंसुद्धा. तो म्हणाला, तरी मारा, ताई.

माझा आवाज मुळात हळू. तरी जोर करून मारली.

"रुक्मिणी."

काही नाही. माडांच्या झावळ्या तेवढ्या वाजत होत्या.

"गो रुक्मिणी."

एवढं म्हटलं आणि समोर सूर्य पाण्याला टेकलेला दिसला. हे गेल्यापासून माझं व्रत आहे. सूर्य टेकला की अकरा माळा होईपर्यंत बोलायचं नाही. एकोणीस वर्षांत तापातही मोडलेलं नाही. पथकप्रमुख म्हणाला, "ताई, अजून एकदा."

मी ओठांवर बोट ठेवलं आणि मान हलवली.

त्याला वाटलं, आत कुणी नाही असं मी सांगते आहे. त्याने उभ्या राहिलेल्या एका खांबावर चुन्याने फुली केली आणि पथक पुढच्या घराकडे वळलं. मला त्याची बाही धरता आली असती. मी धरली नाही. मनात म्हटलं, ती नांदगावला गेली आहे.

तिसऱ्या दिवशी सकाळी अनुजा मालवणहून चालत, मिळेल त्या गाडीने आली. चेहरा धुळीने लाल झालेला. तिने मला एकच विचारलं.

"काकी, कितक्यो हाको मारलंस?"

"तीन," मी म्हटलं.

का म्हटलं ते देवालाच ठाऊक. पण तोंडून तेच आलं. अनुजाने मोठा श्वास सोडला. "मगे आई आत नाय. असती तर तिसऱ्येक ओ दिली असती," ती म्हणाली, आणि शेजारचा बाबली सोबतीला घेऊन नांदगाव, कणकवली, जिथे जिथे जखमी नेले होते तिथे शोधायला गेली. घर उकरायला तिने कुणाला सांगितलं नाही. माझ्या शब्दावर.

दोघं अंधार पडायच्या सुमारास हात हलवीत परतली. दुसऱ्या दिवशी सकाळी पेज घेताना बाबली म्हणाला, "वयनी, काल सांजेक खालती एकटी कित्याक गेलंस? भिंती अजून पडतत थंय."

मी म्हटलं, मी तंबूत माळ घेऊन बसले होते.

"हाको ऐकलंय तुझ्यो," तो म्हणाला. "वाटेन येताना. रुक्मिणीक मारीत होतंस."

दमलेल्या माणसाला काहीही ऐकू येतं. मी ते तिथेच सोडून दिलं. त्याच दिवशी संध्याकाळनंतर मात्र पथकातला एक जवान अनुजाला म्हणाला, तुमच्या काकू आत्ता खाली हाका मारत होत्या, त्यांना समजवा, पडक्या घरांजवळ जाऊ देऊ नका. अनुजा माझ्याकडे बघत राहिली. मी ज्या वेळी तंबूत बसले होते, त्या वेळी ती माझ्या शेजारीच बसली होती.

माझा आवाजही बसत चालला होता. धुळीने, असं डॉक्टर म्हणाले.

पाचव्या दिवशी सूर्य उतरताना मी माळ घेऊन सड्याच्या कडेला जाऊन उभी राहिले. खाली माड, लाल ढिगारे, मधे आमची तुळस. वाडीत एकही माणूस नव्हता. गुरंसुद्धा वर आणलेली.

सूर्य टेकायच्या आधी खालून हाक आली.

"रुक्मिणी."

माझाच आवाज. जोर केल्यावर तो शेवटाला जरासा फाटतो, तसा फाटलेला. मग मिनिटभर शांतता. मिनिट मी मोजलं नाही, पण ते तेवढंच होतं.

"गो रुक्मिणी."

आणि पुढे काही नाही. मी उभी होते, माळ हातात होती, ओठ मिटलेले होते.

अकरा माळा झाल्यावर मी अनुजाला खरं सांगितलं. दोनच मारल्या होत्या, तिसरी नाही. तिने ओरडावं असं मला वाटत होतं. ती ओरडली नाही. तिने माझ्या हातातली माळ बघितली आणि उठून पथकाच्या तंबूकडे गेली.

सकाळी त्यांनी घर उकरलं. माळ्याची लाकडं तिरकी पडून चुलीपुढे एक पोकळी राहिली होती. गुडघे पोटाशी घेऊन एक माणूस बसेल एवढीच. आत सगळीकडे बोटभर लाल धूळ, आणि मधोमध बसलेल्या माणसाएवढी जागा स्वच्छ, सारवलेली जमीन दिसावी इतकी स्वच्छ. चारी बाजूंनी चिरे. बाहेर पडायला वाट नव्हती.

पोकळीत कुणी नव्हतं.

बाबलीने वाकून त्या जागेवर हात ठेवला आणि लगेच मागे घेतला. "ऊब आसा," तो म्हणाला. पथकप्रमुख म्हणाला, नंतरच्या एखाद्या धक्क्यात चिरे सरकले असतील, त्या बाहेर पडल्या असतील, मग पुन्हा सरकले असतील. बोलताना तो आमच्यापैकी कुणाकडेच बघत नव्हता.

त्या संध्याकाळी छावणीतली सगळी माणसं कडेला उभी होती. दोन हाका आल्या. सगळ्यांनी आधी खाली बघितलं, मग माझ्या मिटलेल्या तोंडाकडे.

माळा संपेपर्यंत अनुजा माझ्यापुढे बसून राहिली. मग म्हणाली, "ती तिसऱ्येची वाट बघता, काकी. दुसऱ्या कोणाच्या हाकेक ती उठाची नाय. तू मारूक होयी."

बाबली मागे उभा होता. त्याने मला हळूच बाजूला घेतलं. त्याचा चेहरा उतरलेला होता. "आता जी ओ देतली ती रुक्मिणीच, ह्या कशावरना, वयनी?"

 पण अनुजाची आई माझ्या बोटामुळे आत राहिली होती. मी अनुजाचा हात हातात घेऊन शब्द दिला. उद्या सूर्य टेकायच्या वेळी मी खाली जाईन आणि राहिलेली हाक मारीन.

आज सकाळपासून मी कुणाशी बोलले नाही. घशात जेवढा आवाज उरला होता तेवढा जपून ठेवला. देवापुढेही ओठच हलवले. चार वाजता पेज चढवली, अनुजाच्या हातात पळी दिली, माळ उशीवर ठेवली. एकोणीस वर्षांत ती अशी, या वेळेला, मी कधी हातावेगळी केली नव्हती.

मी घाटीच्या तोंडाशी आले. इथून चिऱ्याच्या पायऱ्या खाली वाडीत जातात. सूर्य अजून हातभर वर होता. हाकांची वेळ झाली नव्हती.

तरी खालून माझा आवाज आला.

"अनुजा."

मी थांबले. मिनिट गेलं.

"गो अनुजा."

मागे पेज वाढणाऱ्या पळीचा आवाज थांबला. अनुजाने ओ दिली नाही. आमच्याच घरात वाढलेली मुलगी ती.

मी उरलेला आवाज गळ्यात धरून पहिली पायरी उतरले.