त्यानं गाणं बंद केलं

"ओ पावणं, आवाज जरा कमी करा की!"

श्रुती ओरडली, पण त्या स्पीकरच्या भिंतीपुढं तिचं कोण ऐकणार? गाणी लावणारा उंच तरुण कानावरचा हेडफोन सरकवून खाली वाकला. "पाणी विकायला आलाय व्हय?"

"फुकट वाटायला. कुणी नशेत पडलं तर सांभाळायला बी."

"आणि आम्ही पडलो तर—?"

"आधी काय घेतलंय ते सांगावं लागंल," म्हणत तिनं मान वळवली... आणि गालातल्या गालात हसली.

प्रसेनजीतशी तिची ही पहिली भेट. कोल्हापूरबाहेरच्या त्या क्लबात रविवारी दुपारी पार्ट्या चालत. नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला असलेली श्रुती एका संस्थेतर्फे तिथं मदतीचं टेबल मांडून बसायची. पुढच्या रविवारी तिनं सांगायच्या आतच आवाज उतरला. तिसऱ्या रविवारी तो नुसताच बघत राहिला, आणि तिच्या हातून पाणी सांडलं.

चौथ्या रविवारी विश्वजित नावाचा पंचविशीतला एकजण नाचता नाचता कोसळला. अंग तव्यासारखं तापलेलं, हाकेला ओ नाही. दोस्तांनी त्याला उचलून गाडीकडं न्यायला सुरुवात केली. "काय न्हाय ताई, घरी झोपला की उतरंल!"

"खाली ठेवा त्याला!" श्रुतीचा आवाज गाण्यात बुडाला.

आणि एकाएकी गाणं बंद झालं. प्रसेनजीत मंचावरून उडी टाकून दारात आडवा उभा राहिला.

मालक धावत आला. "चालू कर! पोलीस आलं तर धंदा बसंल माझा!"

"बसू दे. माणूस जाईल हितं!"

श्रुतीनं एकशेआठला फोन लावला. विश्वजितला कुशीवर वळवून ती ओल्या फडक्यानं त्याचं अंग पुसू लागली. मग एका दोस्ताचा हात घट्ट धरला. "तुला पकडून द्यायचं न्हाय मला. काय घेतलं, तेवढं सांग."

तो रडायलाच लागला. "दोन गोळ्या... वर दारू."

दवाखान्यात दोन तासांनी विश्वजितनं डोळे उघडले. घरी नेला असता तर हाती लागला नसता, असं डॉक्टर म्हणाले. ते ऐकून श्रुती बाहेर आली. ती व्हरांड्यातल्या बाकावर बसली. प्रसेनजीत शेजारी येऊन टेकला.

"मालकानं काढलं मला."

"भीती न्हाय वाटली?"

"लय वाटली. पण तुम्ही एकट्या पडला हुता... आणि मला—"

"तुम्हाला काय?"

"हे असं दवाखान्यात सांगायचं न्हाय."

ओढणी सावरत श्रुती म्हणाली, "मग पेठ वडगावला या. घरी... आईसमोर सांगा."

"खरंच येऊ?"

"या की!"